फ्रँक रॉबिन्सन: खेळाडू, मॅनेजर आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलची गोडी लावायची तर बहुतेक जण बेब रूथपासून सुरुवात करतात. मी फ्रँक रॉबिन्सनपासून करतो. त्याच्या एका आयुष्यात खेळ येतो, अमेरिकेचा वर्णभेद येतो आणि डगआउटमधलं, म्हणजे मैदानाकडेला संघ बसतो तिथलं, राजकारणही येतं. शिवाय माणूस गोडबोल्या नव्हता, त्यामुळे गोष्ट रंगते.

फ्रँक रॉबिन्सन नेमका कोण?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. त्याआधी आणि काही काळ त्याच वेळी, एक जबरदस्त फलंदाज. १९५६ ते १९७६ या २१ हंगामांत ५८६ होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे चेंडू थेट कुंपणापलीकडे मारलेले फटके. निवृत्त झाला तेव्हा त्याच्यापुढे फक्त तिघे होते: हँक ॲरन, बेब रूथ आणि विली मेज.

मेजर लीगमध्ये दोन लीग असतात, नॅशनल आणि अमेरिकन. दोन्हींचा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' (एमव्हीपी), म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा, पुरस्कार मिळवणारा तो पहिला. २०२४ मध्ये शोहेई ओतानीने ती बरोबरी करेपर्यंत एकमेव.

बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कोच की कप्तान?

दोन्ही, आणि थोडं जास्तच. आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की बॅगा, तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या बघणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बेसबॉलचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. फलंदाजीचा क्रम तोच लिहितो, दमलेल्या पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, हातून चेंडू काढून घ्यायला मैदानात तोच चालत जातो, अंपायरशी भांडून हाकलूनही तोच घेतो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल म्हणजे जुगार. खेळाडू विकत घेणं आणि अदलाबदल करणं हे काम मात्र वर बसलेल्या जनरल मॅनेजरचं. म्हणजे स्वयंपाक याने करायचा, भाजी दुसऱ्याने आणायची. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्वतः खेळत असतानाच मॅनेजर असणाऱ्याला प्लेअर-मॅनेजर म्हणतात. रॉबिन्सनची सुरुवात तशीच झाली.

जॅकी रॉबिन्सन त्याचा भाऊ का?

नाही. नातं काहीच नाही. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून मेजर लीगमधला वर्णभेदाचा दरवाजा फोडला. फ्रँक तेव्हा अकरा वर्षांचा होता. गोंधळ वाढवायला, फ्रँक पुढे ज्या बॉल्टिमोरच्या संघात गेला तिथे ब्रूक्स रॉबिन्सन नावाचा तिसराही होता. तो गोरा, आर्कन्सॉचा, आणि तिसऱ्या बेसवरचा (बेस म्हणजे धावताना एकेक करून गाठायचे तळ) क्षेत्ररक्षक म्हणून निव्वळ जादूगार. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानदालनात, आहेत.

त्याचं लहानपण कुठे गेलं?

जन्म ३१ ऑगस्ट १९३५, टेक्ससमधल्या बोमाँट गावात. दहा भावंडांत शेंडेफळ. आई मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या ओकलँडला आली आणि फ्रँक तिथेच वाढला. तिथली मॅकक्लिमंड्स हायस्कूल ही शाळा म्हणजे खाणच. बास्केटबॉलमध्ये त्याचा शाळासोबती होता बिल रसेल, जो पुढे बॉस्टन सेल्टिक्सचा महान खेळाडू झाला. बेसबॉलमध्ये त्याच शाळेतून व्हेडा पिन्सन आणि कर्ट फ्लड आले. आपल्याला विचारल्याशिवाय क्लब आपल्याला विकू कसा शकतो, म्हणून पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला तोच हा फ्लड.

१९५३ मध्ये सिनसिनाटी रेड्सने फ्रँकला करारबद्ध केलं आणि पुढे खालच्या लीगमध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाला पाठवलं. तिथे संघाचं जेवण आणि मुक्काम असे त्या हॉटेलांत, जिथे त्याला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. ओकलँडच्या मिश्र वस्तीत वाढलेल्या पोराला हे नवं होतं.

खेळाडू म्हणून त्याची शैली कशी होती?

अंगावर येणारी. तो होम प्लेटला, म्हणजे फलंदाजाच्या पायाशी असलेल्या तळाला, इतका चिकटून उभा राहायचा की आतल्या बाजूचा चेंडू टाकायला पिचरला जागाच उरत नसे. मग पिचर चेंडू अंगावर मारायचे. पदार्पणाच्या १९५६ च्या हंगामात त्याला वीस वेळा चेंडू लागला, कारकिर्दीत १९८ वेळा. बेसबॉलमध्ये चेंडू अंगाला लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, पण ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू बरगडीत घेऊन मिळालेल्या वस्तूला फुकट म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. चेंडू लागून पडला की हा उठायचा, धूळ झटकायचा आणि पुढचा चेंडू भिंतीपलीकडे मारायचा. फिलाडेल्फियाचा मॅनेजर जीन मॉक आपल्याच पिचरांना, रॉबिन्सनला खाली पाडलंत तर दंड करीन, असं बजावत असे असं सांगतात.

धावतानाही तसाच. दुसऱ्या बेसवर तो घसरत आला की तिथला क्षेत्ररक्षक उडायचा. प्रतिस्पर्ध्यांशी गप्पा मारणं त्याला पटत नसे. पहिल्याच हंगामात ३८ होम रन आणि एकमताने 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित.

बंदुकीचं प्रकरण खरं आहे का?

खरं आहे. फेब्रुवारी १९६१ मध्ये सिनसिनाटीतल्या एका खाणावळीत बाचाबाची झाली, तिथल्या आचाऱ्याने सुरी दाखवली आणि रॉबिन्सनने खिशातलं पिस्तूल काढलं. रात्र कोठडीत गेली. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि २५० डॉलर दंड भरला. त्याच वर्षी .३२३ ची सरासरी (हजार खेपांत ३२३ यशस्वी फटके, असा हिशेब), ३७ होम रन, आपल्या फलंदाजीवर १२४ धावा घरी आणल्या, संघाला वर्ल्ड सीरीजपर्यंत, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेपर्यंत, नेलं आणि नॅशनल लीगचा एमव्हीपी ठरला. चरित्रं लिहिताना लोक हा भाग घाईने उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण सिनसिनाटीच्या व्यवस्थापनाच्या मनात त्याच्याबद्दल 'डोकेफिरू' हा शिक्का बहुधा तिथेच उमटला.

मग सिनसिनाटीने त्याला सोडलं का?

९ डिसेंबर १९६५ रोजी त्याला बॉल्टिमोर ओरिओल्सकडे धाडलं गेलं. बदल्यात मिल्ट पॅपस हा पिचर आणि आणखी दोन खेळाडू मिळाले. क्लबचा प्रमुख बिल डेविट याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की रॉबिन्सनचं वय तीस असलं तरी ते काही तरुण तीस नव्हे. बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत आतबट्ट्याच्या सौद्यांची यादी निघाली की हा सौदा आजही वरच्या ओळींत असतो.

१९६६ मध्ये असं काय घडलं?

सगळंच. त्या 'म्हाताऱ्याने' अमेरिकन लीगमध्ये ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे सरासरी (.३१६), होम रन (४९) आणि धावा आणणं (१२२) या तिन्हींत लीगमध्ये पहिला. ८ मे रोजी त्याने लुई टियांटचा एक चेंडू मेमोरियल स्टेडियमच्या पूर्ण बाहेर, पार्किंगमध्ये मारला. तो गडगडत जाऊन थांबला तेव्हा अंतर भरलं ५४१ फूट. त्या स्टेडियममधून चेंडू पूर्ण बाहेर गेला असा तो एकच फटका. तो ज्या जागेवरून बाहेर गेला तिथे ओरिओल्सने एक झेंडा लावला. त्यावर एकच शब्द होता: 'इथे'. क्लब ते मैदान सोडून जाईपर्यंत झेंडा तिथेच होता.

ऑगस्टमध्ये संघाच्या एका मेजवानीत मस्करी करताना तो पोहण्याच्या तलावात पडला. पोहता येत नव्हतं. तळाशी गेलेल्या रॉबिन्सनला अँडी एचेबॅरन या कॅचरने (बेसबॉलचा विकेटकीपर म्हणा) बाहेर काढलं. त्या दिवशी एचेबॅरन तलावाशी नसता तर हे पान इथेच संपलं असतं. ऑक्टोबरमध्ये ओरिओल्सने डॉजर्सना वर्ल्ड सीरीजमध्ये ४-० धुतलं. शेवटचा सामना १-० असा सुटला. ती एक धाव म्हणजे डॉन ड्रिसडेलला रॉबिन्सनने मारलेला होम रन.

आता दुसरी बाजू. याच बॉल्टिमोरमध्ये त्या वर्षी त्याच्या कुटुंबाला भाड्याने घर मिळेना. फोनवर होकार यायचा, आणि भाडेकरू कृष्णवर्णीय आहेत हे कळलं की घर अचानक 'गेलेलं' असायचं. घर शोधताना आडनाव विचारलं गेलेल्या कुणालाही हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको. तोवर सार्वजनिक प्रश्नांवर फारसं न बोलणारा रॉबिन्सन इथून पुढे बोलू लागला.

डोक्यावर पोछा घालून न्यायाधीश व्हायचा, ते काय?

ओरिओल्सच्या ड्रेसिंग रूममध्ये सामना जिंकल्यावर एक लुटुपुटुचं न्यायालय भरायचं. न्यायमूर्ती रॉबिन्सन, डोक्यावर विगऐवजी फरशी पुसायचा मॉप. चुकीच्या बेसकडे फेकलेला चेंडू, विसरलेला इशारा असल्या गुन्ह्यांना एखाद-दोन डॉलर दंड. हरल्यावर न्यायालय बंद. वरून पोरखेळ, पण चुका हसत हसत सर्वांसमोर मांडायची ती पद्धत होती आणि गोरे-काळे सगळे एकाच पिंजऱ्यात उभे राहायचे. मॅनेजर रॉबिन्सनची पहिली झलक मला या मॉपखाली दिसते.

मॅनेजरकी तो शिकला कुठे?

पोर्तो रिकोत. तिथे हिवाळ्यात लीग चालते. अर्ल वीव्हर सांतुर्से संघाचा मॅनेजर होता. १९६८ मध्ये तो ओरिओल्सचा मॅनेजर झाला आणि सांतुर्सेची जागा रॉबिन्सनने घेतली. म्हणजे उन्हाळ्यात वीव्हरच्या हाताखाली खेळायचं आणि हिवाळ्यात त्याच्याच जुन्या खुर्चीत बसायचं. वर्षामागून वर्षं त्याने हे केलं. तरुण रेजी जॅक्सन, जो पुढे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेला, एका हिवाळ्यात तिथे त्याच्याकडे शिकून गेला.

ही तयारी मुद्दाम सांगतो. क्लबांचं नेहमीचं कारण असायचं की कृष्णवर्णीयांकडे 'अनुभव' नाही. अनुभव द्यायचा नाही आणि मग तो नाही म्हणून बोट दाखवायचं.

पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर यायला १९७५ का उजाडलं?

जॅकी खेळला १९४७ मध्ये. तिथून अठ्ठावीस वर्षं. मैदानात घाम गाळायला कृष्णवर्णीय चालतात, हे क्लबांनी तोवर मान्य केलं होतं. त्यांचं ऐकायचं, हे नव्हतं. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीतल्या वर्ल्ड सीरीजच्या सामन्यात जॅकीचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी अधू झालेल्या जॅकीने भर मैदानात सांगितलं, की एखादा काळा चेहरा मॅनेजर म्हणून दिसेल तेव्हा मला खरा आनंद होईल. नऊ दिवसांनी तो गेला.

इथे मला पाळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करत घडलेला हा चर्मकार समाजातला फिरकी गोलंदाज हिंदू संघाला सामने जिंकून देत होता, १९११ चा इंग्लंड दौरा त्याने गाजवला, पण कप्तानपद रीतसर कधीच मिळालं नाही. ते शेवटी १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. देश वेगळा, खेळ वेगळा, भेदाचं कारणही वेगळं. बळी घे, पण क्षेत्ररक्षण लावू नकोस, हा हिशेब मात्र तोच.

८ एप्रिल १९७५ ला नेमकं काय झालं?

क्लीव्हलँडने ३ ऑक्टोबर १९७४ रोजी त्याची नेमणूक जाहीर केली. संघाचं तेव्हाचं नाव इंडियन्स. आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी. आता तो संघ गार्डियन्स म्हणवतो. हंगामाचा पहिला सामना घरच्या मैदानावर, न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध. कडाक्याची थंडी आणि ५६,७१५ प्रेक्षक. मानाचा पहिला चेंडू फेकायला जॅकीची पत्नी रेचल रॉबिन्सन आल्या होत्या.

रॉबिन्सनने यादीत स्वतःला दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं. जनरल मॅनेजर फिल सेगीने आधी सहज म्हटलं होतं, पहिल्याच खेपेला एक होम रन मारून टाक की. समोर पिचर डॉक मेडिच. रॉबिन्सनने पहिल्याच खेपेला डाव्या बाजूला होम रन मारला. कादंबरीत कुणी असं लिहिलं तर संपादक कापून टाकेल. क्लीव्हलँड ५-३ ने जिंकलं.

क्लीव्हलँडमध्ये पुढे जमलं का?

अर्धवट. संघातला सर्वांत मोठा पिचर गेलॉर्ड पेरी याचं आणि त्याचं आधीपासूनच फाटलं होतं. पेरीला रॉबिन्सनपेक्षा एक डॉलर जास्त पगार हवा होता. उद्घाटनाचा सामना पेरीनेच पूर्ण टाकून जिंकून दिला, पण जूनमध्ये त्याची रवानगी टेक्ससला झाली. १९७६ मध्ये संघाने ८१ जिंकले, ७८ हरले. क्लीव्हलँडसारख्या संघासाठी हे चांगलंच म्हणायचं. १९ जून १९७७ रोजी त्याला काढलं. पहिली नेमणूक जशी त्याच्या नावावर आहे, तशी पहिली हकालपट्टीही.

एकवीस सामने सलग हरणारा मॅनेजर तोच ना?

तोच, पण पंधराच त्याचे. १९८१ ते १९८४ सॅन फ्रान्सिस्को जायंट्स सांभाळून (तिथे तो नॅशनल लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर) तो बॉल्टिमोरला परतला होता. १९८८ चा हंगाम ओरिओल्सने सहा पराभवांनी सुरू केला. क्लबने कॅल रिपकेन सीनियरला काढून रॉबिन्सनला बसवलं. संघ आणखी पंधरा हरला. ०-२१. व्हाइट हाउसमधून रोनाल्ड रेगनचा धीर देणारा फोन आला, तरी हरणं थांबलं नाही. अखेर २९ एप्रिलला शिकागोत ९-० असा विजय मिळाला.

यातलं मला सर्वांत आवडतं ते पुढचं. संघ १ विजय आणि २३ पराभव घेऊन घरी आला, तर त्या रात्री पन्नास हजारांवर लोक स्टेडियममध्ये हजर. हरलेल्या पोराला स्टेशनवर घ्यायला अख्खं गाव यावं, तसे.

वर्षाअखेर १०७ पराभव. पुढच्या वर्षी, जवळपास सगळी नवी पोरं घेऊन, ८७ विजय. शर्यत शेवटच्या शनिवार-रविवारपर्यंत गेली आणि टोरंटोत संपली. तिथला मॅनेजर सिटो गॅस्टन, तोही कृष्णवर्णीय. १९७५ च्या आधी एकही नव्हता, आणि चौदा वर्षांनी विजेतेपदासाठी दोघे समोरासमोर. रॉबिन्सनला अमेरिकन लीगचा 'मॅनेजर ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये ओरिओल्सने त्याला काढलं.

एक्सपोजचं काय प्रकरण होतं?

२००२ मध्ये माँट्रिऑल एक्सपोज या संघाला मालकच उरला नव्हता. बाकीच्या २९ क्लबांची मिळून त्यावर मालकी होती आणि संघच गुंडाळून टाकायची भाषा चालू होती. असल्या अनाथाश्रमाची किल्ली ६६ वर्षांच्या रॉबिन्सनच्या हातात दिली. त्याने पहिल्या दोन्ही वर्षी ८३ सामने जिंकून दाखवले. २००३ मध्ये संघ शर्यतीत असताना सप्टेंबरमध्ये जादा खेळाडू बोलवायला लीगने पैसे नाकारले. प्रतिस्पर्धीच मालक असल्यावर दुसरं काय होणार! स्वयंपाक आणि भाजीचं मघाशी म्हटलं ते हे.

त्या वर्षी संघाचे २२ 'घरचे' सामने सान हुआनच्या हिराम बिथॉर्न स्टेडियममध्ये झाले. म्हणजे सांतुर्सेच्याच मैदानावर, जिथे तो मॅनेजरकी शिकला होता. २००५ मध्ये हा संघ वॉशिंग्टनला जाऊन नॅशनल्स झाला. पहिल्या वर्षी बरोबर ८१ विजय, ८१ पराभव.

तो पत्रकारांसमोर रडला होता, हे खरं का?

हो. २५ मे २००६. नेहमीचे कॅचर उपलब्ध नसल्याने मॅट लेक्रॉयला उभं केलं होतं. ह्यूस्टनच्या धावपटूंनी त्याच्यावर सात बेस चोरले (फटक्याविनाच धावून पुढचा बेस गाठला), त्याच्या दोन फेकी चुकल्या. सातव्या इनिंगच्या मध्यातच रॉबिन्सनने त्याला बाहेर काढलं. बेसबॉलमध्ये कॅचरला असं भर इनिंगमध्ये काढणं म्हणजे चारचौघांत पाणउतारा. संघ जिंकला. नंतर त्याबद्दल बोलताना, ज्याने कारकीर्दभर दुसऱ्यांच्या नडग्या फोडल्या त्या सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. लेक्रॉयने मनात काही ठेवलं नाही.

१,०६५ विजय, १,१७६ पराभव. मग तो चांगला मॅनेजर होता का?

आकडे नुसते वाचले तर नाही. आता त्याला मिळालेले संघ पाहा: मरगळलेलं क्लीव्हलँड, सहा पराभवांनंतरचं बॉल्टिमोर, मालक नसलेलं माँट्रिऑल. घरात पाणी शिरलं की त्याला हाक मारायची. चांगला, भरलेला संघ त्याला कुणी कधी दिला नाही. मॅनेजर म्हणून तो कधी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोचला नाही हे खरं, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याला धीर कमी होता हेही खरं. स्वतःला जे सहज जमत होतं ते इतरांना का जमत नाही, हे त्याला उमजत नसे. पण १९८२ चे जायंट्स, १९८९ चे ओरिओल्स आणि २००२ चे एक्सपोज पाहिल्यावर माझं मत त्याच्या बाजूने पडतं.

पुरस्कार, पुतळे, शेवट?

हॉल ऑफ फेम १९८२, हँक ॲरनसोबत. अध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक २००५. सिनसिनाटी, बॉल्टिमोर आणि क्लीव्हलँड, तिन्हीकडे पुतळे आणि तिन्हीकडे २० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये हाडांच्या कर्करोगाने निधन, वय ८३.

३,००० हिट्सना ५७ कमी असताना तो थांबला का?

त्याच्या खात्यात २,९४३ हिट्स, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठल्याच्या खेपा, आहेत. तीन हजार म्हणजे बेसबॉलमधला मोठाच मैलाचा दगड. शिवाय मॅनेजर तो स्वतः, यादी लिहिणारा हात त्याचाच. रोज आपलं नाव घालायला अडवणारं कुणी नव्हतं. खांदा दुखत होता, वय चाळीस, आणि बाकावर तरुण पोरं बसली होती. १९७६ च्या १५९ सामन्यांपैकी त्याने स्वतःला ३६ मध्ये खेळवलं.